फळकुटाची खंडेनवमी

मी बर्फावरून घसरायच्या फळ्या बनवते आणि मी बर्फ पाहिलेला नाही. म्हणजे फ्रीजरमधला पाहिलाय. इथल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाड्यांच्या मंडईत, आइस कचांग म्हणून किसलेल्या बर्फावर रंगीबेरंगी पाक ओतून देतात, तो तर दर आठवड्याला खाते. पण आकाशातून पडणारा, डोंगरावर साचणारा, माणसं ज्याच्यावर पायाला फळी बांधून स्वखुशीने उतारावरून खाली येतात, तो बर्फ मी फक्त पडद्यावर बघते. तेही बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात, अंगावर शाल घेऊन, कारण सिंगापूरमध्ये थंडी फक्त ऑफिसात पडते.

पुण्याला गेले की लोक विचारतात, काय करतेस सध्या? स्नोबोर्ड डिझाइन करते, असं सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग मी हसत नाही हे बघून गंभीर होतो आणि विचारतो, "सिंगापूरला? तिथे तर घाम पुसायला वेळ पुरत नाही." यावर माझं उत्तर ठरलेलं आहे. विमानाचे पंख बनवणाऱ्यांना कुठे उडता येतं? मी खरंच आधी पंखांवरच काम करत होते. फळी काय आणि पंख काय, थर एकमेकांवर चिकटवायचे आणि कुठे किती वाकेल ते बघायचं. मधे लाकडाच्या पट्ट्या, वरखाली काचेच्या धाग्यांचं कापड, कडेने स्टीलची धार आणि तळाला मेण पिणारं एक खास प्लास्टिक. कंपनी युरोपातली, कारखाना आणखी कुठेतरी, आणि वाकवाकवी बघणारे आम्ही चारपाच जण इथे, विषुववृत्ताच्या अंगणात. कुणी ठरवलं असं, ते मला विचारू नका. पगार वेळेवर होतो.

या धंद्यात येऊन मला एक गोष्ट मात्र पक्की कळली. स्नोबोर्ड इंजिनियरांनी बनवलेला नाही. चालवणाऱ्यांनी तो बिघडवत बिघडवत बनवलाय आणि आम्ही मागून कागद घेऊन धावतोय.

सुरुवातीची फळी म्हणजे नुसतं फळकूट. पुढच्या टोकाला एक दोरी, बैलाच्या वेसणीसारखी हातात धरायची, आणि पाय वर नुसते ठेवायचे. पाय सटकतात म्हणून चालवणाऱ्यांनी घरातले जुने पट्टे कापून त्यावर ठोकले. मग कुणाला तरी उलटं जायची हुक्की आली. मागचं टोक सपाट, ते बर्फात रुतायचं आणि स्वार तोंडावर. तर यांनी मागचं टोकही वर वळवून मागितलं. इंजिनियरांनी आधी नाकं मुरडली आणि मग तीच फळी आपल्या डोक्यातून निघाल्यासारखी कॅटलॉगात छापली. पुढे पोरं बर्फ सोडून जिन्याच्या लोखंडी कठड्यांवरून घसरायला लागली. आम्ही जीव लावून धारदार केलेल्या कडा कठड्यात अडकायला लागल्या, तर त्यांनी कानस घेऊन त्या बोथट केल्या. आता आम्ही कडा कुठे बोथट ठेवायच्या याची गणितं करतो, पोटात राग ठेवून.

आणि बायकांचं तर विचारूच नका. बायकांसाठी फळी म्हणजे पुरुषांचीच फळी घ्यायची, लांबीत थोडी कापायची आणि वर गुलाबी फुलं काढायची. बायकांनी बुटात दोनदोन मोजे कोंबून त्या चालवल्या, पडल्या, चिडल्या, पत्रं लिहिली, कंपन्यांच्या माणसांना डोंगरावर गाठून झापलं. तेव्हा कुठे फळीची कंबर बारीक झाली आणि लाकूड थोडं मऊ झालं. फुलं काही अजून गेलेली नाहीत.

आमच्या कंपनीची एक परीक्षक आहे. होक्काइडोत, एका डोंगराच्या पायथ्याशी राहते. आम्ही नमुन्याची फळी बनवायची, तिने हिवाळाभर चालवायची आणि काय चुकलं ते सांगायचं. बाई पन्नाशीच्या पुढची. उंची माझ्या कानापर्यंत, आणि मी म्हणजे पुण्यात सिग्नलला स्कूटर थांबवली की एकच पाय जमिनीला टेकणारी. व्हिडिओ कॉलवर ती दिसते ती नेहमी लोकरीच्या टोपीत, मागे खिडकीत पांढरंफटक. तिचं इंग्रजी जपून वापरायचं असतं. एका मेलमध्ये एक वाक्य. "शेपूट ओढते." "पुढचं टोक बुडतं." कुठे, किती, कोणत्या वेगाला, ते आम्ही विचारायचं आणि तिने दुसऱ्या दिवशी आणखी एक वाक्य पाठवायचं.

गेल्या वर्षी तिच्या मागच्या पायाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, एक हिवाळा बघा, गुडघ्याला पीळ बसला तर यापुढे बर्फ बंद. इतक्या बुटक्या आणि हलक्या बाईला बसेल अशी फळी आमच्याकडे नव्हतीच. इतकी वर्षं ती मोठ्या मुलांच्या फळीवर निभावत होती. म्हणून लहान मापाची, मोठ्या बाईची फळी करायचं काम माझ्याकडे आलं. हेड ऑफिसचं म्हणणं सरळ होतं. या हिवाळ्यात तिने पास केली तर फळी बाजारात येईल. नाही केली तर हे माप बंद, आणि पुन्हा पुरुषांची फळी कापून वर फुलं. म्हणजे माझी फळी चुकली तर तिचा गुडघा जाणार, आणि तिच्यासारख्या सगळ्या बुटक्या बायका पुन्हा पोरांच्या रांगेत उभ्या. तिने मला एवढंच लिहिलं होतं, "मला अजून थांबायचं नाही."

मी फळी केली. झकास केली. तिच्या मागच्या टोकाची गोलाई म्हणजे शेपूट, त्यावर मी जीव ओतला होता. किती वाकेल, किती उचलेल, सगळं पडद्यावर शेकडो वेळा चालवून बघितलं होतं. ती गोलाई बघून मला आपली आपल्यालाच दृष्ट लागेल असं वाटायचं. आंग मो किओतल्या वर्कशॉपमध्ये ती थर दाबून चिकटवणाऱ्या प्रेसमधून निघाली त्या संध्याकाळी मी स्वतः आणायला गेले. ती पाठीला लावून एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, शिरले तर एका वयस्क चिनी आंटीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "सर्फिंग आह?" मी म्हटलं, स्नो. तिने माझ्याकडे इतक्या दयेने बघितलं की मला उठून जागा देते की काय असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी फळी ऑफिसात नेऊन कुरियरने जपानला पाठवायची होती. म्हणून रात्रीपुरती मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटमध्ये चपलांच्या कपाटाला टेकवून ठेवली. आणि दुसरा दिवस खंडेनवमीचा निघाला.

त्या वेळी सासूबाई आमच्याकडे होत्या. त्यांची ओळख करून द्यायला हवी, कारण घरात त्या आल्या की आम्ही सगळे सावधान-विश्राममध्ये राहतो. आयुष्यभर त्या मुलींच्या शाळेत पीटीच्या बाई होत्या. अजूनही हाक मारतात ती मैदानाच्या पलीकडच्या टोकाला ऐकू जाईल अशी. सासरे गेले त्या दिवशी नात्यातल्या बायका त्यांचं कुंकू पुसायला पुढे आल्या. त्यांनी पुसू दिलं. भांडायचं त्राण त्या दिवशी कुणात असणार? महिन्याभराने त्यांनी आरशासमोर उभं राहून, पूर्वीपेक्षा थोडं मोठंच, परत लावलं. नातेवाइकांत बरीच कुजबुज झाली. सासूबाईंनी कुणाला काही सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. त्या विषयावर त्या एक अक्षर बोलल्याचं मला आठवत नाही.

तर खंडेनवमी. ज्याच्यावर पोट चालतं त्या हत्यारांची पूजा. सासूबाईंनी लिटल इंडियातून झेंडूची फुलं आणली होती आणि सकाळी माझी आंघोळ होईतो पाटावर सगळं मांडून झालं होतं: नवऱ्याचा लॅपटॉप, मिक्सर, सुरी, स्क्रू ड्रायव्हर, माझ्या लेकीचं कंपासपेटीतलं कर्कटक. आणि भिंतीला पाठ टेकवून, तळ बाहेर करून, माझी फळी. त्या तळावर आडवे पिवळे पट्टे. पुढच्या टोकाला, मधे आणि मागच्या टोकाला, प्रत्येक ठिकाणी पाच बोटं ओढलेली आणि प्रत्येक पट्ट्यावर कुंकवाचा ठिपका.

लेक शाळेचा युनिफॉर्म घालून दारात उभी होती. ती म्हणाली, "आजी, दॅट इज कंपनी प्रॉपर्टी, कॅनॉट लाइक दॅट लाह."

"तुझ्या आईचं पोट कशावर चालतं? मग झालं तर," सासूबाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "अगं, कोरडी हळद टिकेना या गुळगुळीत प्लास्टिकवर. म्हणून तेलात कालवली. स्वस्तिकही काढणार होते, पण मग म्हटलं तुला विचारावं."

स्वस्तिक मी काढू दिलं नाही. हेड ऑफिस युरोपातलं आहे आणि एवढी अक्कल मला आहे. पण तेल ऐकलं आणि मी फळीकडे धावले. तो तळ मेण पिण्यासाठीच बनवलेला असतो. गरम पोळीने तूप प्यावं तशी त्याने तेलातली हळद पिऊन टाकली होती. मी फडक्याने पुसलं, काही नाही. भांड्याच्या साबणाने घासलं, तर सगळे पट्टे रक्तासारखे लाल झाले. हळदीला साबण लावला की असंच होतं हे कुठल्याही पोरीला माहीत असतं. मलाही माहीत होतं, पण पदव्या घेतल्या की या गोष्टी आधी जातात. मग लिंबू पिळलं. पट्टे परत पिवळेजर्द झाले, ठिपके तसेच, आता अधिकच प्रसन्न. कुरियरची वेळ झाली होती. सासूबाईंनी फळीवर दोन झेंडूची फुलं वाहिली, हात जोडले आणि म्हणाल्या, "जा बाई, बाईसारखी चाल." मी फुलं काढून टाकली आणि फळी घेऊन टॅक्सीत बसले.

ऑफिसात आमच्या साहेबाने, तो सिंगापूरचाच, खोक्यात डोकावून बघितलं. "दिस वन व्हाय येलो?" मी म्हटलं, मार्किंग आहे. खोटं तरी काय बोलले? त्याने मान हलवून खोकं बंद केलं.

बर्फ पडला. तिची वाक्यं सुरू झाली. "शेपूट ओढते." मी पडद्यावर बघितलं, शेपूट ओढत नव्हती. तिला तसं कळवलं. "गुडघ्याला पीळ बसतो." मी पुन्हा सगळं चालवून बघितलं, पीळ नगण्य होता. तेही कळवलं, तक्ता जोडून. मग एके दिवशी तिने फळीच्या तळाचा फोटो पाठवला आणि खाली एक वाक्य: "कृपया पिवळ्याकडे बघा."

माझी पाचावर धारण बसली. बाईने दोष हळदीवर धरला! मी बसून तिला लांबलचक माफीनामा लिहिला. आमच्याकडे असा सण असतो, माझ्या सासूबाई वयस्क आहेत, त्यांचा हेतू चांगला होता, हळद औषधी असते, तळाच्या वेगावर तिचा परिणाम होऊ नये, झाला असल्यास मी व्यक्तिशः दिलगीर आहे. इतकी नम्र मी माझ्या लग्नातही नव्हते. उत्तर आलं नाही. मला वाटलं, चला, माफ केलं.

काही दिवसांनी जपानहून खोकं परत आलं. साहेबाने उघडलं आणि तो दोन पावलं मागे सरकला. फळीची शेपूट कापलेली होती. माझी ती गोलाई, जिला मी माझ्याच दृष्टीपासून जपत होते, तिच्यात करवतीने एक मोठी खोल खाच पाडली होती, माशाच्या शेपटीसारखी. वरून बूट अडकवायची बाइंडिंग काढून, नवी भोकं पाडून, चांगली चार बोटं मागे बसवली होती. बरं, कापणी सरळ तरी? तीही वाकडी. कडेला लाकडाचे तंतू लोंबत होते.

"हू कट?" साहेब म्हणाला. "हर? सेल्फ? वाह लाउ." म्हणजे इथलं "बाप रे".

माझ्या डोक्यावर त्या वेळी कुणी मिऱ्या वाटल्या असत्या तर मसाला तयार झाला असता. इतकी वर्षं मी चारचौघांत हसत हसत सांगत होते की स्वार फळ्या बिघडवतात आणि आपण मागून धावतो. माझी फळी कुणी बिघडवली नव्हती तोवर ते फार गमतीचं वाटत होतं. मी फळी उचलून माझ्या टेबलाशी आणली, तळ वर करून ठेवली आणि दिवसभर तिच्याकडे न बघता काम केलं. म्हणजे दर पाच मिनिटांनी बघत होते.

आणि दुपारी कधीतरी मला ते दिसलं. पुढच्या टोकाचे पट्टे जसेच्या तसे होते, कुंकवाचे ठिपकेसुद्धा शाबूत. मधले थोडे फिकट. मागचे मात्र टाचेच्या बाजूने पार पुसून गेले होते, बोटाएवढं पिवळंही शिल्लक नाही. पडद्यावर माझी फळी पुढून मागून सारखी टेकत होती. खऱ्या बर्फावर ती पुढून जवळजवळ टेकतच नव्हती. सगळा भार मागे, एका बाजूला, एका गुडघ्यावर. मी तिचा जुना मेल उघडला. कृपया पिवळ्याकडे बघा. ती तक्रार करत नव्हती. ती मला दाखवत होती, आणि मी तिला हळदीचे औषधी गुणधर्म सांगत बसले होते.

तिला कॉल लावला. ती टोपीतच होती. मी विचारलं, का कापलं? तिने हात आडवा धरून दाखवलं. मऊ बर्फात पुढचं टोक बुडतं. ते वर ठेवायला ती मागे झुकते. मागे झुकलं की रुंद शेपूट वरच राहते, बुडत नाही, आणि गुडघा तिच्या आणि शेपटीच्या ओढाताणीत अडकून पिळतो. शेपटीत खाच पाडली की शेपूट आपोआप खाली जाते, पुढचं टोक आपोआप वर येतं, आणि तिला सरळ उभं राहता येतं. एवढं सगळं ती पहिल्यांदाच सलग बोलली. मग तिने विचारलं, "तुझ्या कॉम्प्युटरमध्ये फळीवर कोण उभं आहे?"

मी म्हटलं, बघून सांगते.

आमच्या प्रोग्रॅममध्ये फळीवर एक आकडेमोडीचा माणूस उभा असतो. मी आले तेव्हापासून तो तिथेच आहे. बायकांची फळी असली की त्याची उंची आणि वजन कमी करायचं, झालं. मी त्याला उघडून नीट बघितलं. रुंद खांदे, अरुंद कंबर, भार छातीत. एक गडी, छोटा करून ठेवलेला. बायकांची फळी म्हणजे पुरुषाची फळी कापून वर फुलं, म्हणून मी ज्यांना शिव्या घालत होते त्यांनी फळी तरी कापली होती. आम्ही गडीच कापला होता. मला इतका राग आला की शाल फेकून दिली आणि ऑफिसातल्या थंडीतही मला गरम व्हायला लागलं. आयुष्यभर मी बसच्या दांड्यांना लोंबकळले, दुसऱ्याच्या मापाच्या खुर्च्यांवर पाय हलवत बसले, आमच्या फ्लॅटच्या ओट्यावर पोळ्या लाटायला पाटावर उभी राहते. आणि जी एक वस्तू माझ्या हातात होती तिच्यावरही तोच चढून बसला होता.

लॅबमध्ये पायाखालचा दाब मोजायच्या पट्ट्या असतात. त्या दिवशी मी चपला काढून, कापलेली फळी त्यांच्यावर ठेवून स्वतः उभी राहिले. साहेब कॉफी घेऊन आला आणि कॉफी घेऊनच उभा राहिला. मी गुडघे वाकवले, मागे झुकले, पुढे झुकले, ऑफिसातल्या पोरांसमोर कमरेतून अशी काय हलले की सासूबाईंनी शिट्टी फुंकली असती. मग गड्याला हाकलून प्रोग्रॅममध्ये माझे आकडे भरले आणि मूळ, न कापलेली फळी पुन्हा चालवली. पडद्यावर पुढे भार नाही, मागे टाचेच्या बाजूला भाराचा लालभडक डाग. हळदीने जे दाखवलं होतं तेच, अगदी तसंच.

हेड ऑफिसबरोबर बैठक झाली. मी सांगितलं की माझी शेपूट चुकली, परीक्षकबाईंची बरोबर आहे, फळी तिच्या कापणीप्रमाणे होईल. ती गोलाई मला अजूनही सुंदर वाटते. पडद्यावरच्या एका साहेबाने विचारलं, तळ कुठे टेकतो ते कोणत्या पद्धतीने तपासलं? मी म्हटलं, पारंपरिक रंगद्रव्याने. आमच्या साहेबाने तोंड अजिबात वाकडं न करता मान हलवली. त्या दिवसापासून तो मला फार आवडतो. शेवटी एकच नमुना आणखी करायला परवानगी मिळाली, कारण हिवाळा सरत आला होता. हा पास झाला नाही तर सगळं बंद.

फळी प्रेसमधून निघाली त्या दिवशी होक्काइडोहून एक वाक्य आलं. "पिवळं परत लावा, आणि लाल ठिपकेही."

सासूबाई तोवर पुण्याला परतल्या होत्या. मी त्यांना व्हिडिओ कॉल लावून फोन डब्याला टेकवला आणि वाटीत हळद घेतली. "खंडेनवमी नाही आज, चालेल ना, आई?" मी विचारलं.

"मुहूर्त बघेपर्यंत बर्फ वितळेल तिचा," त्या म्हणाल्या. "तेल कमी घाल. बोटं जवळ घे. अशी नाही गं, पोळीला तूप लावतेस का? दाबून ओढ." मग म्हणाल्या, "त्या बाईचा गुडघा कसा आहे?" मी सांगितलं की यावरच ठरणार आहे. मग शेवटच्या ठिपक्यापर्यंत त्या पडद्याला डोळे लावून होत्या. मी ठिपका ठेवला तसं त्यांनी तिकडून हात जोडले.

व्हिडिओ आला तो सकाळी, एमआरटीत. गर्दीत उभी राहूनच मी बघितला. वरून एक ठिपका खाली येत होता, मऊ बर्फात, धुरळा उडवत, वळणं घेत. ती सरळ उभी होती. मागे झुकली नव्हती. कॅमेऱ्याजवळ येऊन थांबली, पाय सोडवले आणि बर्फात उकिडवी बसली. मग उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली. टोपीखाली हसत होती. मग तिने फळी उलटी करून कॅमेऱ्यासमोर धरली. पुढचे, मधले, मागचे, सगळे पट्टे सारखेच पुसले होते. नुसता पिवळसर अंश उरला होता, एकसारखा, टोकापासून टोकापर्यंत. कुंकवाचा एकही ठिपका राहिला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते भर एमआरटीत येऊ दिलं.

व्हिडिओ सासूबाईंना पाठवला. थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. मी ऑफिसच्या दाराशी उभी राहून घेतला.

"पुसलं गं सगळं," त्या म्हणाल्या.

"हो आई, तेच बघायचं होतं. सगळीकडे सारखं पुसलं म्हणजे फळी सारखी टेकते. तिचा गुडघा..."

"कळतंय मला. दोनदा बघितला मी. कशी उठते बसते बघ, माझ्या शाळेतल्या पोरींसारखी." त्यांचा आवाज पहिल्यांदाच मैदानाच्या पलीकडे जाणारा नव्हता. "एक सांगू? कुंकू पुसलेलं बघून बरं वाटावं, असं माझ्या आयुष्यात आज पहिल्यांदा झालं."